बाटली थांबली म्हणजे छाती रिकामी झाली असे नाही

गेल्या गळीत हंगामाच्या शेवटी वाळवा तालुक्यातल्या एका वस्तीत आम्ही आरोग्य तपासणीसाठी गेलो होतो. विहाराच्या ओट्यावर रक्तदाब मोजून घेणाऱ्यांची रांग लागली होती. रांगेच्या शेवटी एक मावशी आपल्या मुलाला हाताला धरून उभ्या होत्या. मुलगा पंचविशीचा, पण चाल साठीच्या माणसाची. उजवा खांदा खाली झुकलेला. बोलताना चार शब्दांनंतर थांबून श्वास घेत होता.

हंगामाच्या सुरुवातीला तो उसाने भरलेल्या ट्रॉलीवरून खाली पडला होता. उजव्या बरगड्या बांधावरच्या दगडावर आदळल्या. वरून जखम नाही, रक्त नाही, म्हणून चार दिवस मेडिकलमधल्या गोळ्या आणि हळदीचा लेप यावर काढले. पाचव्या दिवशी दम लागायला लागला, तेव्हा दवाखान्यात नेले. तिथे छातीत नळी घातली. पाऊण लिटर रक्त बाटलीत आले. दोन दिवसांनी बाटलीत येणे थांबले, नळी काढली, घरी सोडले. तीन आठवड्यांनी थंडी वाजून ताप आला. छातीत पू झाला होता. मग दुसऱ्या मोठ्या रुग्णालयात छाती उघडून शस्त्रक्रिया झाली. घरावर कर्ज झाले, हंगाम गेला, आणि पोराची ताकद गेली.

मावशी म्हणाल्या, "बाटलीत रक्त यायचं थांबलं, तेव्हा आम्हाला वाटलं, सुटलो एकदाचं."

हा गैरसमज फक्त मावशींचा नाही. शिकल्यासवरल्या घरातही आम्ही तो पाहिला आहे. म्हणून या वेळचे आरोग्याचे पान आम्ही छातीतल्या रक्तासाठी राखून ठेवले आहे.

रक्त साचते कुठे?

आपली फुप्फुसे बरगड्यांच्या पिंजऱ्यात असतात. फुप्फुसावर एक पातळ आवरण असते आणि पिंजऱ्याच्या आतल्या बाजूला दुसरे. या दोन आवरणांच्या मध्ये नावापुरता ओलावा असतो, त्यामुळे श्वास घेताना फुप्फुस न घासता सरकते. मार लागला, बरगडीचे टोक आत घुसले, रक्तवाहिनी फुटली, तर रक्त या फटीत जमते. फट अरुंद वाटली तरी तिच्यात जागा भरपूर होते. छातीच्या एका बाजूला तीन लिटरपर्यंत रक्त मावू शकते. मोठ्या माणसाच्या अंगात सगळे मिळून पाचेक लिटरच रक्त असते. म्हणजे बाहेर एक थेंब न सांडता माणूस आतल्या आत अर्धा रिकामा होऊ शकतो. शिवाय जमलेले रक्त फुप्फुसाला दाबते, ते वेगळेच.

रक्त कुठून येते यावर पुढचे बरेच अवलंबून असते. फुप्फुसाच्या आतल्या रक्तवाहिन्यांमध्ये दाब कमी असतो. तिथला रक्तस्राव बहुतेक वेळा आपोआप थांबतो, आणि फुप्फुस पुन्हा फुगले की ते स्वतःच त्या जागेवर दाब देते. पण प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेने एक धमनी जाते. तिच्यात दंडावर मोजतो तोच दाब असतो. ती फुटली तर रक्त सहजी थांबत नाही.

सातारा-सांगलीत छातीला मार लागण्याची कारणे शोधायला लांब जावे लागत नाही. पुणे-बेंगळुरू महामार्ग खंबाटकी घाटापासून कराडच्या पुढपर्यंत आपल्या दारावरून जातो. हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्री मागे दिवा नसताना उभे असतात, आणि दुचाकीवाला मागून आदळतो. बांधकामावर परांची तुटते. चिंच, आंबा, नारळ उतरवताना फांदी मोडते. बैल शिंगावर घेतो, म्हैस लाथ मारते. पावसाळ्यात मातीची भिंत अंगावर येते. आणि मारहाण. तिच्याबद्दल पुढे बोलू.

घरी असताना

बरगडी मोडली की ती दुखणारच. पण खालची लक्षणे दुखण्याच्या पलीकडची आहेत: झोपल्यावर दम वाढणे, एका बाजूची छाती कमी हलणे, नाडी जलद, अंगाला थंड घाम, चेहरा पांढरट, ओठ निळसर, खोकल्यातून रक्त, चक्कर, बेचैनी. आमची एक ढोबळ घरगुती खूण आहे. माणसाला एका दमात एक ते दहा म्हणायला सांगा. कालपर्यंत म्हणत होता आणि आज पाच-सहावर थांबतो, तर वाट पाहू नका. मात्र दहा म्हटले म्हणून निर्धास्तही राहू नका.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे उशिरा होणारा रक्तस्राव. पहिल्या दिवशीचा एक्स-रे चांगला असतो, आणि तरीही मोडलेल्या बरगडीमुळे दोन-चार दिवसांनी, कधी कधी आठवडा-दोन आठवड्यांनी छातीत रक्त जमते. ज्यांच्या दोन-तीन बरगड्या मोडल्या आहेत, जे वयस्कर आहेत, जे हृदयासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी दोन आठवडे सावध राहावे, आणि दम वाढला तर पुन्हा एक्स-रे काढून घ्यावा. "एकदा काढलाय की" असे म्हणून पैसे वाचवण्याची ही जागा नाही. लहान मुलांचे वेगळे आहे. त्यांच्या बरगड्या लवचिक असतात, त्या सहजी मोडत नाहीत आणि मार थेट फुप्फुसाला बसतो. बरगडी शाबूत आहे म्हणून मूल ठीक आहे असे समजू नये.

घरात होणाऱ्या काही चुका आम्ही सारख्या पाहतो. छातीला घट्ट पट्टा किंवा लुगड्याची पट्टी बांधतात. त्याने दुखणे थोडे कमी होते, पण श्वास उथळ होतो, कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो. हाडवैद्याकडे नेऊन चोळून घेतात. मोडलेल्या बरगडीचे टोक चोळण्याने आणखी आत जाते. हळदीच्या लेपाने नुकसान नाही, पण त्यात चार दिवस जातात, आणि ते चार दिवस परत मिळत नाहीत. छातीत सळई, विळा, सुरी रुतली असेल तर ती काढू नये. तिनेच जखम बुजवलेली असते. रुतलेली वस्तू हलणार नाही अशी दोन्ही बाजूंनी कापडाचा आधार देऊन तसेच न्यावे. छातीला भोक पडून त्यातून हवा ये-जा करत असेल तर स्वच्छ कापड हलके ठेवावे, बोळा कोंबू नये. कापडाने दम वाढला तर ते लगेच उचलावे.

माणूस शुद्धीवर असेल आणि मान-पाठीला मार नसेल तर त्याला टेकून अर्धवट बसवा. खायला-प्यायला काही देऊ नका, कारण भूल द्यावी लागू शकते. १०८ ला फोन करा.

दवाखान्यात: आधी नळी

छातीचा एक्स-रे काढतात. उभ्याने किंवा बसून काढलेल्या एक्स-रेत दोन-तीनशे मिलिलिटर रक्तही दिसते. पण गंभीर रुग्णाचा एक्स-रे आडवे झोपवूनच काढावा लागतो. तेव्हा रक्त पाठीमागे पसरते आणि लिटरभर असले तरी नुसती धूसर छाया दिसते. म्हणून हल्ली अपघात विभागात सोनोग्राफीचे यंत्र छातीवरही फिरवतात. ते दोन मिनिटांचे काम आहे आणि फार उपयोगी आहे.

रक्त आढळले तर काखेच्या खाली, साधारण पाचव्या बरगडीच्या जवळ, जागा बधिर करून बोटभर छेद घेतात आणि नळी आत सरकवतात. डॉक्टर मंडळी तिला आयसीडी म्हणतात. नळी बरगडीच्या वरच्या कडेवरून घालतात, कारण खालच्या कडेला ती धमनी असते. "पोराच्या छातीला भोक पाडणार" हे ऐकून घरच्यांचे हातपाय गळतात, सही करायला कोणी पुढे येत नाही. आमचे सांगणे एवढेच, की या सहीसाठी भाऊकी गोळा होण्याची वाट पाहू नका. छातीत रक्त जमलेल्या बहुतेक रुग्णांचे काम या एका नळीनेच होते. रक्त बाहेर येते, फुप्फुस फुगते, फुगल्यामुळे रक्तस्राव थांबतो. मोठ्या ऑपरेशनची गरज पडत नाही. नळी हाच मुळात छोट्या छेदाचा उपचार आहे.

नळी घालायला कराड किंवा मिरजच गाठावे लागते असेही नाही. शल्यचिकित्सक असलेल्या उपजिल्हा रुग्णालयात ती घालता येते. जत, आटपाडी, पाटण, जावळी अशा लांबच्या भागातून येताना हे लक्षात ठेवा. रुग्ण घाबरा झाला असेल तर वाटेत जिथे नळी पडेल तिथे ती घालून मग पुढे नेणे शहाणपणाचे. पुढे नेताना एक्स-रेच्या फिल्म आणि कागद बरोबर घ्या.

बाटलीजवळ बसणाऱ्यांसाठी

नळीचे दुसरे टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवलेले असते. त्यामुळे छातीतले रक्त आणि हवा बाहेर येते, पण बाहेरची हवा आत जात नाही. सिस्टर एकटी आणि खाटा तीस, अशा वॉर्डात बाटलीवर खरी नजर नातेवाइकांचीच असते. म्हणून हे नीट वाचा.

बाटली कायम छातीच्या खाली, जमिनीजवळ राहिली पाहिजे. स्ट्रेचरवर नेताना वॉर्डबॉय ती रुग्णाच्या पोटावर ठेवतो, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. बाटली वर उचलली की तिच्यातले पाणी उलटे छातीत जाऊ शकते. त्याला नम्रपणे सांगा, आणि बाटली स्वतःच्या हातात खाली धरून चाला. नळी अंगाखाली दबू देऊ नका, तिला पीळ पडू देऊ नका. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तिला चिमटा लावू नका. बाटलीवर पांढरी चिकटपट्टी लावून रक्ताच्या पातळीपाशी रेघ मारा आणि वेळ लिहा. हा कागद डॉक्टरांना फार उपयोगाचा असतो. नळी घालताच एकदम दीड लिटर रक्त आले, किंवा नंतर दोन-चार तास दर तासाला दोनशे मिलिलिटर येत राहिले, तर छाती उघडण्याचा विचार करावा लागतो. अशा वेळी रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टरांना उठवा. नळी चुकून निसटली तर भोकावर स्वच्छ कापड दाबून धरा आणि हाक मारा. बाटली फुटली तर नळीचे टोक स्वच्छ पाण्याच्या दुसऱ्या बाटलीत बुडवून धरा.

आता मुख्य गोष्ट. श्वासाबरोबर नळीतले पाणी वर-खाली होते. ते हलणे थांबले आणि रक्त येणेही थांबले, तर त्याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक, छाती रिकामी झाली आणि फुप्फुस पूर्ण फुगले. दोन, नळीच तुंबली. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते. म्हणून नळी काढण्यापूर्वी एक्स-रे हवा.

तिसरा-चौथा दिवस

ज्या घरात रक्ती होते, तिथे रक्त कसे थिजते हे सांगायला नको. पातेल्यात धरलेले रक्त थोड्याच वेळात वडीसारखे होते. छातीतही तेच होते. काही रक्त पातळ राहते, ते नळीतून निघते. थिजलेल्या गाठी नळीतून निघत नाहीत. पहिल्या काही दिवसांत त्या मऊ असतात, कशाला चिकटलेल्या नसतात. आठवड्यानंतर त्या फुप्फुसाला आणि बरगड्यांच्या आतल्या बाजूला धरू लागतात. दोन-तीन आठवड्यांत त्यावर चिवट साल तयार होते. ती साल फुप्फुसाला आवळून बसते, ते फुगू देत नाही. आणि साचलेल्या रक्तात जंतू वाढले की पू होतो. वाळव्याच्या त्या मुलाचे हेच झाले.

म्हणून नळी घातल्यावर तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना स्वच्छ शब्दांत विचारा: "डॉक्टरसाहेब, छातीत अजून रक्ताच्या गाठी राहिल्यात का? सिटी स्कॅन किंवा सोनोग्राफी करून बघायची का? राहिल्या असतील तर दुर्बिणीने काढता येतील का?" साध्या एक्स-रेवर राहिलेली गाठ कोणती आणि मुका मार बसलेले फुप्फुस कोणते हे नेहमी ओळखू येत नाही. सिटी स्कॅनवर ते कळते. थोडे रक्त राहिले असेल तर शरीर ते हळूहळू शोषून घेते, त्यासाठी काही करावे लागत नाही. साधारण अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त राहिले असेल तर ते काढण्याचा विचार करायलाच हवा.

पूर्वी अशा वेळी दुसरी नळी घालून वाट पाहत, आणि शेवटी छाती उघडत. १९९७ साली अमेरिकेतल्या डॅलस शहरातल्या डॉक्टरांनी असे ३९ रुग्ण घेऊन दोन गट केले. एका गटाला दुसरी नळी घातली, दुसऱ्या गटाची लगेच दुर्बिणीची शस्त्रक्रिया केली. दुर्बिणीच्या गटातले लोक लवकर बरे होऊन घरी गेले, आणि दुसरी नळी घातलेल्यांपैकी अनेकांना शेवटी शस्त्रक्रिया लागलीच. रुग्ण थोडे होते, पण त्यानंतरचा जगभरातला अनुभव त्याच बाजूचा आहे. दुर्बीण घालायची तर पहिल्या तीन-चार दिवसांत घालावी, फार तर आठवडा, असे आज छातीचे सर्जन सांगतात. उशीर झाला की गाठी चिकटतात आणि दुर्बिणीने सुरू केलेले काम छाती उघडून संपवावे लागते.

ही शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन करतात. मार लागलेल्या बाजूचे फुप्फुस तेवढ्या वेळापुरते थांबवतात आणि दुसऱ्या फुप्फुसावर श्वास चालू ठेवतात. म्हणून भूलतज्ज्ञही या कामात मुरलेला लागतो. बरगड्यांच्या मधून एक-दोन सेंटिमीटरचे दोन-तीन छेद घेतात. एकातून कॅमेरा जातो, बाकीच्यांतून अवजारे. पडद्यावर बघत गाठी फोडून ओढून घेतात, छाती सलाईनच्या पाण्याने धुतात, एखादी वाहिनी अजून झिरपत असेल तर ती बंद करतात, फुप्फुस पूर्ण फुगते का ते डोळ्यांनी पाहतात आणि नवी नळी ठेवून बाहेर येतात. छाती उघडण्याच्या शस्त्रक्रियेत पाठीपासून पुढपर्यंत लांब छेद असतो आणि दोन बरगड्या फाकवाव्या लागतात. तो सल अनेकांना महिनोन्‌महिने राहतो. कार्यालयात बसणाऱ्याला हा फरक सोयीचा वाटेल. डोक्यावर पाटी आणि पाठीवर पोते घेणाऱ्याच्या घरात तो फरक चुलीपर्यंत पोहोचतो.

दुर्बीण छातीत घालणे ही काही कालची गोष्ट नाही. सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी सगळ्यांना माहीत आहे. १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय काढणाऱ्या डॉ. विल्यम वानलेस यांचे नाव त्या जागेला आहे, आणि क्षयरोग्यांचे आरोग्यधाम म्हणून ती दूरदूरपर्यंत ओळखली जाई. क्षयावर औषध नव्हते तेव्हा जगभर छातीत हवा भरून आजारी फुप्फुसाला विश्रांती देत. ते फुप्फुस कुठे चिकटलेले असले तर मिटत नसे. स्वीडनच्या जाकोबेउस नावाच्या डॉक्टरांनी १९१० मध्ये मूत्राशय तपासायची दुर्बीण छातीत घालून पाहिली, आणि पुढे तिच्या मदतीने असे चिकटे तोडले. क्षयाची औषधे आल्यावर ही दुर्बीण मागे पडली. १९९० च्या सुमारास तिला व्हिडिओ कॅमेरा जोडला गेला आणि ती पुन्हा शस्त्रक्रियागृहात आली.

क्षयाची गोष्ट आणखी एका कारणाने सांगितली. आपल्या वस्त्यांमध्ये क्षय होऊन बरे झालेली माणसे पुष्कळ आहेत, आणि ते सांगायला लाजणारीही पुष्कळ. जुन्या क्षयात फुप्फुस बरगड्यांना चिकटलेले असू शकते. अशा छातीत नळी किंवा दुर्बीण घालताना फुप्फुसाला इजा होण्याचा धोका वाढतो. म्हणून डॉक्टरांना ते आधीच सांगा. मधुमेह आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या याही लपवू नका.

दुर्बिणीचा हट्ट धरू नये, हेही तितकेच खरे. रक्त धो धो येत असेल, रक्तदाब कोसळत असेल, तर छाती उघडणे हाच जीव वाचवण्याचा मार्ग आहे. तिथे "लहान छेदाचं करा" म्हणून वाद घालत बसू नका. बरगडीची धमनी झिरपत राहिली असेल तर काही मोठ्या रुग्णालयांत मांडीतून बारीक नळी त्या धमनीपर्यंत नेऊन ती आतून बंद करतात. आणि दुर्बीण नसेल किंवा रुग्णाला भूल सोसवणार नसेल, तर गाठी विरघळवणारे औषध नळीतून छातीत सोडतात. हृदयविकाराच्या झटक्यात जे स्ट्रेप्टोकायनेज देतात, ते यातलेच एक. नळी काही तास बंद ठेवून मग उघडतात, असे काही दिवस करतात. हा उपाय स्वस्त आहे, पण त्याला दिवस लागतात, आणि आत ताजा रक्तस्राव चालू असेल तर तो करता येत नाही. आमचे मत विचाराल तर, दुर्बीण हाताशी असताना निव्वळ सवय म्हणून दुसरी नळी घालून आठवडा घालवणे योग्य नाही.

छातीची दुर्बीण आणि ती चालवणारा सर्जन सगळीकडे नसतात. साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, कराडचे कृष्णा रुग्णालय, सांगलीचे वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही आपल्याकडची मोठी ठिकाणे. हलवण्याआधी फोन करून "छातीची दुर्बिणीची शस्त्रक्रिया आज होईल का" एवढे विचारून घ्या. पोटाची दुर्बीण असते, छातीची नसते, असे पुष्कळ ठिकाणी असते.

पैसा आणि कागद

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन दाखल होताच आरोग्यमित्राला भेटा. तातडीच्या वेळी फोनवरून मंजुरी घेता येते. कागद नंतर देता येतात. त्याला थेट विचारा, की ही शस्त्रक्रिया या रुग्णालयात योजनेतून होईल का. योजनेचा फोन १५५३८८ आहे. वाहनाच्या अपघातासाठी केंद्र सरकारची वेगळी योजना मे २०२५ पासून आहे. नेमलेल्या रुग्णालयांत अपघाताच्या दिवसापासून ७ दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत, रोख न भरता उपचार. सात दिवस म्हणजे नेमका दुर्बिणीचा काळ. तो वाट पाहण्यात संपवू नका. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा.

"पोलीस केस आहे, आधी पोलिसांना येऊ द्या" असे कोणी म्हणाले तर ऐकून घेऊ नका. आधी जीव वाचवायचा, मग पोलिसांचे कागद, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले आहे. रस्त्यावर पडलेल्या जखमीला दवाखान्यात पोहोचवणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ चे संरक्षण आहे. नाव-पत्ता सांगायची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. हे वस्तीतल्या तरुणांना मुद्दाम सांगा. पोलिसांच्या फेऱ्यांच्या भीतीने पोरे अपघात बघत उभी राहतात.

मारहाणीत छातीला लाथा-काठ्या बसल्या असतील तर वैद्यकीय नोंद करताना "छातीत दुखते, दम लागतो" हे शब्द कागदावर आलेच पाहिजेत, आणि एक्स-रे मागून घ्या. हाड मोडणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे गंभीर दुखापत आहे. मोडलेली बरगडी त्यात येते. एक्स-रे काढलाच नाही तर कागदावर "किरकोळ मुका मार" एवढेच राहते, आणि पुढे न्यायालयात तेच वाचले जाते. दोन दिवसांनी दम वाढला तर त्याच रुग्णालयात परत जाऊन नवी नोंद करून घ्या.

घरी आल्यावर

वेदनाशामक गोळ्या वेळेवर घ्याव्यात. "सोसवतंय की" म्हणून टाळू नयेत. दुखले की माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, आणि कफ आत साठतो. खोकताना छातीशी उशी धरावी. तीन चेंडूंचे श्वासाचे यंत्र दर तासाला दहा वेळा ओढावे. हात डोक्यावर नेण्याचा व्यायाम रोज करावा, नाहीतर खांदा आखडतो. बिडी बंद, आणि चुलीच्या धुराजवळ बसणे बंद. बरगडी जुळायला साधारण सहा आठवडे लागतात. तोवर पाटी नाही, मोळी नाही, पोते नाही. बाईमाणसाला हे सांगणे अवघड जाते. नळाला पाणी आले की हंडा तिच्याच कमरेवर येतो. सहा आठवडे तो घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी कमरेवर गेला पाहिजे. दोन आठवड्यांनी एक्स-रे, आणि मधे ताप, दम किंवा दुर्गंधीची थुंकी आली तर त्याच दिवशी दवाखाना.

पावसाळ्यात आम्ही त्या वस्तीत पुन्हा गेलो. मावशींनी यंत्र एका पिशवीत जपून ठेवले होते. पोराने विहाराच्या पायरीवर बसून ते ओढून दाखवले. मार्चमध्ये एकच चेंडू हलत होता. आता दोन वर जाऊन टिकतात. तिसरा थोडा उठतो आणि खाली बसतो.